मंद प्रकाशात फ्लॅशविना ऑटोफोकस कसा साधावा

मंद उजेडात शटरचे बटण अर्धे दाबले की लेन्स पुढे-मागे फिरत राहते, चित्र क्षणभर स्पष्ट होते, पुन्हा धूसर होते आणि शेवटी कॅमेरा प्रयत्न सोडून देतो. छायाचित्रकार ज्याला ‘हंटिंग’ म्हणतात तो हाच प्रकार होय. अशा वेळी पहिला विचार फ्लॅशचा येतो. परंतु फ्लॅशचा मुख्य झोत शटर उघडल्यावर पडतो आणि फोकसचा निर्णय त्याच्या आधीच झालेला असतो. त्यामुळे फ्लॅशने फोटो उजळला, तरी चुकलेला फोकस चुकलेलाच राहतो. जिथे फ्लॅशला मनाई आहे किंवा त्याने वातावरणाचा भंग होतो, तिथे तर तो वापरण्याचा प्रश्नच येत नाही.

या सर्व अडचणींच्या मुळाशी एक गोष्ट आहे आणि ती नीट समजली की पुढचे बहुतेक उपाय आपोआप सुचू लागतात. कॅमेऱ्याला फोकस करण्यासाठी केवळ उजेड पुरत नाही. त्याला फरक दिसावा लागतो. भरदिवसा कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर कॅमेरा रोखला तरी तो गोंधळतो, आणि जवळजवळ अंधाऱ्या खोलीत एखाद्या लखलखत्या कडेवर तो चटकन स्थिरावतो. म्हणून संपूर्ण दृश्य उजळवण्याच्या खटपटीत न पडता कॅमेऱ्याला एक ठळक कड मिळवून द्यावी आणि लेन्सला शोधावे लागणारे अंतर कमी करावे, हाच मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

कॅमेरा नेमके काय पाहतो

ऑटोफोकसच्या दोन मुख्य पद्धती आहेत. कॉन्ट्रास्ट पद्धतीत कॅमेरा लेन्स थोडी हलवतो, कडा आधीपेक्षा ठळक झाल्या की पुसट झाल्या हे तपासतो, आणि सर्वांत ठळक अवस्था ओलांडून पुढे गेल्यावरच ती ओळखून मागे येतो. म्हणजे या पद्धतीत थोडे पुढे-मागे होणे अटळच आहे. फेज पद्धतीत लेन्सच्या दोन वेगवेगळ्या बाजूंनी आलेल्या किरणांच्या प्रतिमांची तुलना होते, आणि त्या एकमेकींपासून किती व कोणत्या दिशेने सरकल्या आहेत यावरून लेन्स कुठे न्यायची हे कॅमेऱ्याला तत्काळ कळते. डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेल्या, कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) पाहताना हे काम आरशाखालच्या स्वतंत्र सेन्सरवर चालते. आजच्या बहुतेक मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांत ते चित्र टिपणाऱ्या मुख्य सेन्सरवरच होते आणि गरजेनुसार कॉन्ट्रास्ट पद्धतीची जोडही मिळते.

दोन्ही पद्धतींना कड लागतेच. प्रकाश कमी झाला की सेन्सरवर येणारा संकेत क्षीण होतो, कडेचा फरक नॉइजमध्ये, म्हणजे चित्रातल्या दाणेदार खळबळीत, बुडतो, आणि पुरेसा संकेत गोळा करण्यासाठी कॅमेऱ्याला प्रत्येक मोजणीला अधिक वेळ द्यावा लागतो. मिररलेस कॅमेऱ्याच्या पडद्यावरील चित्र अंधारात अडखळत सरकू लागते, ते याच कारणाने.

कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात ऑटोफोकसची क्षमता ईव्ही या मापात दिलेली असते. आयएसओ (सेन्सरच्या संवेदनशीलतेचा आकडा) १०० धरून, ज्या उजेडाला एफ/१ ॲपर्चर (लेन्सचे छिद्र; ‘एफ/’पुढचा आकडा जितका लहान, तितके ते मोठे) आणि १ सेकंदाचे एक्स्पोजर लागते तो ० ईव्ही होय. त्यापुढे दर एका अंकाने उजेड निम्मा किंवा दुप्पट होतो. घरातल्या रात्रीच्या दिव्यांचा उजेड साधारण ५ ते ७ ईव्ही भरतो, तर पौर्णिमेच्या चांदण्यातला परिसर उणे २ ते उणे ३ च्या आसपास असतो. २०१२ साली आलेल्या कॅननच्या ईओएस ६डी या डीएसएलआरचा मधला फोकस पॉइंट (चौकटीतली फोकस मोजण्याची जागा) उणे ३ ईव्हीपर्यंत चालतो, आणि त्याच कंपनीच्या २०१८ सालच्या ईओएस आर या मिररलेस कॅमेऱ्यासाठी उणे ६ हा आकडा दिला आहे. हे आकडे पाहता घरातल्या खोलीत कोणताही कॅमेरा अडखळू नये असे वाटेल. परंतु उणे ६ हा आकडा एफ/१.२ लेन्स, मधला फोकस पॉइंट आणि एकदाच फोकस करण्याची पद्धत या अटींवर दिलेला आहे. एफ/४ च्या लेन्समधून एफ/१.२ च्या तुलनेत अकराव्या हिश्शाइतकाच प्रकाश आत येतो. त्यात विषय म्हणून गडद रंगाचा एकरंगी पोशाख समोर असेल, तर माहितीपत्रकातला आकडा फारसा कामाला येत नाही.

आधी प्रकाशाची वाट मोकळी करावी

मोठ्या ॲपर्चरची लेन्स जवळ असेल तर ती लावावी. एफ/५.६ च्या ऐवजी एफ/१.८ लेन्स लावल्यास जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो आणि मुख्य सेन्सरवर फोकस करणाऱ्या कॅमेऱ्यात त्याचा लाभ थेट दिसतो. डीएसएलआरमध्ये हा लाभ मर्यादित असतो, कारण त्याचा फोकस सेन्सर लेन्सच्या ठरावीक भागातून येणारेच किरण वापरतो; तरीही मधला पॉइंट एफ/२.८ साठी बनवलेला असेल, तर एफ/२.८ किंवा त्याहून मोठ्या ॲपर्चरच्या लेन्सवर तो अधिक अचूक मोजतो. झूम लेन्समध्ये झूम वाढवल्यावर ॲपर्चर लहान होत असेल, तर कमी झूम ठेवून दोन पावले पुढे जाणे चांगले.

आणखी एक बारकावा अनेकांच्या लक्षात येत नाही. डीएसएलआर कॅमेरा व्ह्यूफाइंडरमधून फोकस करताना ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवतो आणि फोटो घेतानाच ते आवळतो. परंतु काही मिररलेस कॅमेरे आपण निवडलेल्या ॲपर्चरवरच, किंवा त्याच्या जवळपास, फोकस करतात. अशा कॅमेऱ्यात एफ/८ निवडून अंधारात फोकस करायला सांगितले, तर त्याला उपलब्ध असलेल्या प्रकाशाचा मोठा भाग आपणच अडवून ठेवलेला असतो. आधी ॲपर्चर उघडून फोकस घ्यावा, तो लॉक करावा आणि मग हवे ते ॲपर्चर निवडावे. फोकस करताना ॲपर्चर उघडे ठेवण्याचा पर्याय काही मॉडेलांच्या मेनूत असतो, तो शोधून ठेवावा.

पोलरायझर फिल्टर एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे). तो आणि प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर रात्री काढून ठेवावेत. लेन्सचा पल्ला वाढवणाऱ्या टेलिकन्व्हर्टरचेही तसेच आहे: १.४ पटीचा एक स्टॉप आणि २ पटीचा दोन स्टॉप प्रकाश घेतो. लेन्सवर बोटांचे ठसे असतील किंवा बाजूचा दिवा थेट काचेवर पडत असेल, तर चित्रावर पांढुरका पडदा चढतो आणि आधीच पुसट असलेल्या कडा आणखी पुसट होतात. काच पुसून हूड लावणे हा साधा उपाय आहे, पण दिव्यांच्या समोर उभे राहून काम करताना त्याचा गुण लगेच येतो.

कड शोधणे

फोकस पॉइंट निवडण्याचे काम मंद प्रकाशात कॅमेऱ्यावर सोपवू नये. स्वयंचलित निवडीत तो दृश्यातली सर्वांत सोपी गोष्ट धरतो, आणि ती बहुधा मागचा दिवा किंवा चमकणारी खिडकी असते. एकच पॉइंट निवडावा. डीएसएलआरमध्ये तो शक्यतो मधला असावा, कारण बऱ्याच मॉडेलांत मधला पॉइंट ‘क्रॉस’ प्रकारचा, म्हणजे उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही दिशांचे तपशील ओळखणारा असतो आणि मंद प्रकाशातील त्याची क्षमताही सर्वाधिक असते. चौकटीच्या बाजूंचे पॉइंट पुष्कळदा एकाच दिशेचे तपशील पाहतात. तेव्हा समोर फक्त आडव्या रेषा असतील आणि पॉइंट उभ्या रेषाच ओळखणारा असेल, तर कॅमेरा आडवा धरण्याऐवजी थोडा तिरका करून फोकस घ्यावा आणि मग पुन्हा सरळ धरावा. हा उपाय इतका सोपा आहे की त्याच्यावर चटकन विश्वास बसत नाही, परंतु तो मिररलेस कॅमेऱ्यांतही उपयोगी पडतो, कारण त्यांतल्या अनेकांची फेज रचना एकाच दिशेतला फरक मोजते.

पॉइंट कुठे ठेवावा, हा यानंतरचा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. माणसाचा फोटो घेताना गालावर किंवा कपाळावर पॉइंट ठेवला तर कॅमेऱ्याला एकसारखी त्वचा दिसते आणि तो भरकटतो. डोळ्यात पडलेले दिव्याचे प्रतिबिंब, पापण्यांची रेषा, चष्म्याची चौकट, केस आणि कपाळ यांच्यामधली सीमा, कानातल्या दागिन्याची चमक, गडद कपड्यावर उठून दिसणारी कॉलरची कड अशा जागा शोधाव्यात. चेहरा एका बाजूने उजळलेला असेल, तर उजेड आणि सावली जिथे एकदम भेटतात ती नाकाची रेषा उत्तम काम देते. वस्तूंच्या बाबतीत छापील अक्षरे, धातूची धार, कापडाची शिवण, पेल्याचा काठ यांवर फोकस लवकर बसतो. कापडाचा पोत दिवसा उत्तम आधार देतो, पण रात्री तो नॉइजमध्ये हरवतो. म्हणून रात्री पोतापेक्षा सीमारेषा बरी.

विषयावर अशी कड सापडतच नसेल, तर कॅमेऱ्यापासून विषयाइतक्याच अंतरावर असलेली दुसरी एखादी गोष्ट शोधावी. अंधारात बसलेल्या व्यक्तीच्या शेजारच्या खुर्चीची पाठ, तिच्या हातातल्या फोनचा उजळ पडदा, ती टेकून उभी असलेल्या खांबाची कड यांपैकी काहीही चालेल. त्या जागी फोकस घ्यावा, बटण अर्धे दाबलेले तसेच ठेवावे आणि चौकट पुन्हा विषयावर आणावी. दिव्यावर फोकस घेताना मात्र दिव्याच्या मध्यावर पॉइंट ठेवू नये, कारण तिथे सगळे पांढरेच असते. त्याच्या काठावर ठेवावा.

पॉइंटचा आकारही विचारपूर्वक निवडावा. अतिशय लहान पॉइंटच्या कक्षेत अंधारात पुरेसा तपशील येत नाही आणि फार मोठ्या क्षेत्रात मागची उजळ वस्तू शिरते. मधला आकार घेऊन त्यात एकच ठळक कड येईल असे पाहणे हा मला योग्य समतोल वाटतो. डोळे किंवा चेहरा ओळखण्याची सोय चालत असेल तोवर जरूर वापरावी. पण चौकट डोळ्यावरून सतत निसटू लागली की तिच्याशी झगडत न बसता एका पॉइंटवर परत यावे.

फोकस घेऊन चौकट फिरवताना एक मर्यादा ध्यानात असू द्यावी. कॅमेरा जागच्या जागी फिरवला की फोकसची पातळीही त्याच्याबरोबर फिरते आणि विषयाच्या मागे सरकते. २ मीटरवरच्या चेहऱ्यावर फोकस घेऊन कॅमेरा १५ अंश वळवला, तर ही चूक सुमारे ७ सेंटिमीटर भरते. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स एफ/१.८ वर असताना त्या अंतरावर स्पष्टतेची एकूण खोली जेमतेम ६ सेंटिमीटर असते, म्हणजे डोळे धूसर होऊन कान स्पष्ट येण्याचा धोका आहे. तेव्हा मोठ्या ॲपर्चरवर कॅमेरा वळवण्याऐवजी विषयाजवळचाच पॉइंट निवडावा, किंवा मध्यात फोकस घेऊन नंतर फोटोची चौकट कापावी.

लेन्सचा शोध आखूड करणे

लेन्स मुळातच फार दूरच्या किंवा फार जवळच्या फोकसवर अडकली असेल, तर समोरचा विषय इतका धूसर दिसतो की त्याच्या कडाच उरत नाहीत, आणि कॅमेऱ्याला कोणत्या दिशेला जायचे हेही कळत नाही. यावर उपाय म्हणजे फोकस रिंग हाताने फिरवून विषय अंदाजे स्पष्ट करणे आणि मगच बटण अर्धे दाबणे. ऑटोफोकस चालू असतानाही रिंग फिरवू देणाऱ्या लेन्सवर हे विनासायास जमते. इतर लेन्सवर आधी जवळपास तेवढ्याच अंतरावरच्या एखाद्या उजळ वस्तूवर फोकस घेऊन ठेवावा. टेलिफोटो आणि मॅक्रो लेन्सवर बहुधा अंतराची मर्यादा ठरवणारे बटण असते. ते योग्य जागी ठेवले की लेन्स नको त्या टप्प्यात भटकत नाही.

फोकसचे काम शटरच्या बटणाकडून काढून मागच्या एएफ-ऑन बटणाकडे देणेही येथे फार सोयीचे ठरते. एकदा फोकस जमला की अंगठा उचलावा. त्यानंतर कितीही वेळा शटर दाबले तरी कॅमेरा नव्याने शोध सुरू करत नाही. अंधारात मोठ्या कष्टाने मिळालेला फोकस पुढच्याच फोटोला गमावण्याचा प्रसंग यामुळे टळतो, मात्र आपण किंवा विषय हललो की तो पुन्हा घेतला पाहिजे.

फोकसपुरता उजेड

अनेक कॅमेऱ्यांच्या पुढच्या बाजूला फोकसला मदत करणारा छोटा दिवा असतो. तो विषयावर क्षणभर प्रकाश टाकतो आणि फोटो निघण्यापूर्वी विझतो. त्याचा पल्ला साधारण ३ मीटरच्या आसपास असतो, लांब लेन्स किंवा मोठे हूड त्याची वाट अडवते, आणि बहुतेक कॅमेऱ्यांत तो सतत फोकसच्या पद्धतीत पेटतच नाही. रंगमंचासमोर, झोपलेल्या बाळाजवळ किंवा वन्यप्राण्यांजवळ तो मेनूतून बंदच ठेवावा. काही कॅमेरे याच कामासाठी अंगच्या फ्लॅशचे एकापाठोपाठ झोत टाकतात. तेही इतरांना फ्लॅशइतकेच त्रासदायक असतात, त्यामुळे ती सोय चालू नाही ना हे एकदा तपासावे.

डीएसएलआरला जोडायच्या अनेक बाह्य फ्लॅशमधून फोकससाठी लाल रेषांची जाळी पडते, आणि फ्लॅशचा मुख्य झोत बंद ठेवून केवळ ही जाळी वापरण्याची सोय काही मॉडेलांत आहे. कोऱ्या भिंतीवरही ती जाळी कृत्रिम कडा निर्माण करते, म्हणून साध्या दिव्यापेक्षा ती कितीतरी परिणामकारक ठरते. बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांना मात्र या लाल जाळीचा उपयोग करता येत नाही.

खिशातली टॉर्च किंवा फोनचा दिवा हा सर्वांना उपलब्ध असलेला उपाय आहे. तो समोरून न टाकता बाजूने टाकावा, म्हणजे सावल्या पडून कडा ठळक होतात. फोकस बसला की तो लॉक करावा, टॉर्च बंद करावी आणि मग फोटो घ्यावा. माणसाच्या डोळ्यांवर थेट झोत न टाकता कॉलरवर किंवा हातावर टाकावा.

मेनूतल्या काही गोष्टी

स्थिर विषयासाठी एकदाच फोकस करून थांबणारी पद्धत निवडावी. ती पुरेसा वेळ घेऊन मोजते, तर सतत फोकसची पद्धत अंधारात विषय स्थिर असतानाही डळमळत राहते. त्याबरोबरच फोकस बसल्याशिवाय शटर उघडू नये असा प्राधान्यक्रम ठेवावा. निकॉनच्या काही मॉडेलांत मंद प्रकाशासाठी ऑटोफोकसचा खास पर्याय आहे. त्याने फोकस संथ होतो, पण बसतो.

मिररलेस कॅमेऱ्यात मॅन्युअल एक्स्पोजर वापरताना पडद्यावरचे चित्र प्रत्यक्ष एक्स्पोजरप्रमाणे दिसत असेल आणि ते अगदी काळे असेल, तर काही मॉडेलांत ऑटोफोकसलाही तेच काळे चित्र मिळते. एक्स्पोजरचा परिणाम पडद्यावर दाखवणे बंद केले की चित्र उजळते आणि फोकस सुधारतो. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून पाहताना आयएसओ किंवा शटरचा वेग बदलून फोकसमध्ये काहीच फरक पडत नाही. कंप रोखणारी यंत्रणा मात्र हातात कॅमेरा धरलेला असताना चालू ठेवावी, कारण ती लेन्समध्ये किंवा मिररलेस कॅमेऱ्याच्या अंगात असेल, तर फोकस करणाऱ्या सेन्सरसमोरचे चित्रही तिने स्थिरावते.

विषय हलता असेल तर संयम हेच मुख्य साधन आहे. रंगमंचावरचा प्रकाश सतत बदलत असतो. कलाकारावर उजळ झोत येईल त्या क्षणी फोकस घ्यावा आणि तो त्याच अंतरावर असेपर्यंत राखावा. एकाच रंगाच्या गडद प्रकाशात चेहऱ्यावरचे फरक सपाट होतात, म्हणून पांढरट झोताची वाट पाहणे फायद्याचे असते. कलाकार ज्या जागी वारंवार येतो, उदाहरणार्थ मायक्रोफोनपाशी, तिथे आधीच फोकस घेऊन ठेवता येतो. एकाच क्षणाचे तीन-चार फोटो घेताना प्रत्येक वेळी नव्याने फोकस घ्यावा. अंधारात प्रत्येक मोजणी थोडी वेगळी येते आणि त्यांतली एक नेमकी बसते.

ऑटोफोकस थांबतो तिथे

काही दृश्यांत हाताने फोकस करणेच शहाणपणाचे असते. कॅमेरा ट्रायपॉडवर लावावा, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या थेट दृश्यात, चित्र मोठे करावे आणि रिंग सावकाश फिरवत कड सर्वांत बारीक दिसेल तिथे थांबावे. कडा रंगवून दाखवणारी पीकिंगची सोय अंधारात नॉइजलाही रंग देते, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबू नये. ताऱ्यांसाठी एखादा तेजस्वी तारा किंवा दूरवरचा दिवा मोठा करून तो लहानात लहान बिंदू दिसेपर्यंत रिंग फिरवावी. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, कारण अनेक लेन्स त्या खुणेच्या पुढेही फिरतात. फोकस जमल्यावर लेन्स मॅन्युअलवर ठेवून रिंगवर चिकटपट्टी लावावी. रुंद लेन्सने चालत्या लोकांचे फोटो घ्यायचे असतील, तर अंतर ठरवून ठेवणे सोपे जाते: फुल फ्रेमवर २४ मिमी लेन्स एफ/२.८ वर ७ मीटरला लावली की सुमारे साडेतीन मीटरपासून अनंतापर्यंत सर्व काही पुरेसे स्पष्ट येते.

फोनवर यातल्या फार थोड्या गोष्टी आपल्या हाती असतात. मुख्य कॅमेराच वापरावा, कारण टेलिफोटो कॅमेऱ्याचे सेन्सर आणि ॲपर्चर बहुधा लहान असते. पडद्यावर ठळक कडेवर बोट दाबून धरावे, म्हणजे बहुतेक फोनवर फोकस लॉक होतो.

प्रत्येक जागा सोडण्यापूर्वी एक फोटो पडद्यावर पूर्ण मोठा करून पाहावा, आणि तो धूसर असेल तर दोष कशाचा आहे हे ठरवावे. दृश्यातले लहान दिवे गोल चकत्यांसारखे पसरले असतील, तर फोकस त्या अंतरावर नाही. तेच दिवे रेघांसारखे ओढले गेले असतील, तर हात हलला आहे. विषय धूसर, पण त्याच्या मागची भिंत स्पष्ट असेल तर फोकस मागे गेला आहे, आणि सारे स्थिर स्पष्ट असून केवळ माणूस पुसट असेल तर तो स्वतः हलला आहे. शेवटच्या प्रकारात, तसेच हात हलल्यास, फोकसशी खटपट न करता शटरचा वेग वाढवावा आणि त्यासाठी आयएसओ चढवावा लागला तरी तो चढवावा.